चोवीस फुटी हॉलमध्ये स्पीकरची बैठक

सदाशिव पेठेतल्या १० बाय १२ च्या खोलीत तुमचे बुकशेल्फ, म्हणजे कपाटात मावणारे छोटे, स्पीकर सुंदर वाजत होते. बाणेरच्या नव्या फ्लॅटमधला हॉल २४ बाय १५ फुटांचा आहे, उंची साडेनऊ फूट. स्पीकर तेच, ४० वॉटचा ॲम्प्लिफायरही तोच. तरी आवाज विरळ झालाय, शब्द भिंतींना धडकून परत येतात, सोफ्यावर बसलं की डग्गा पोकळ लागतो आणि मागे डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यात तोच डग्गा घुमतो. बाबा म्हणतात, गवई शेजारच्या खोलीत बसून गातोय असं वाटतं. डीलरने टॉवर स्पीकर आणि २०० वॉटचा ॲम्प सुचवलाय, आणि तो घ्यावा का असं तुम्ही विचारलंय.

आत्ता घेऊ नका. बाबांनी एका वाक्यात अचूक निदान केलंय. गवई लांब गेलाय, त्याला जवळ आणायचंय. मोठा ॲम्प लावला तर गवई शेजारच्या खोलीतच राहील, फक्त मोठ्याने गाईल.

पंचवीसेक वर्षं मी पुण्यातल्या घरांमध्ये आणि छोट्या सभागृहांमध्ये स्पीकर लावतोय. मोठ्या हॉलच्या बाबतीत बहुतेकांचा समज असा असतो की अख्खा हॉल आवाजाने भरायला हवा. घरी ऐकणारी माणसं तीन-चार. जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात गाणं व्हायचं तेव्हा गवई एका टोकाला आणि श्रोते दुसऱ्या टोकाला, असं कुणी बसायचं का? सतरंजी अंथरून सगळे गवयाच्या पुढ्यात सरकून बसायचे आणि उरलेला दिवाणखाना मागे मोकळा असायचा. तुम्हालाही हॉलमध्ये तशी बैठक मांडायची आहे. पुढचं सगळं त्या बैठकीबद्दल आहे.

त्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करा. घर बदलताना वायरी काढून पुन्हा जोडल्या असतील. दोन्ही स्पीकरची लाल वायर ॲम्पच्या लाल टर्मिनललाच गेली आहे ना, ते टॉर्च घेऊन बघा. एका बाजूची अदलाबदल झाली असेल तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधला आवाज विस्कटतो. ओळखायला सोपं आहे. एखादं जुनं नाट्यगीत किंवा भावगीत लावा. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेली ही ध्वनिमुद्रणं मोनो असतात, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येतो, त्यामुळे गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, हवेतल्या एका जागेवरून यायला हवा. तो सगळीकडून आल्यासारखा वाटला तर वायर उलटी आहे. अशी घरं मी बरीच पाहिली आहेत, म्हणून आधी हे लिहिलं.

आता अंतराकडे येऊ. तुमच्या फोटोवरून आणि मापांवरून दिसतं की स्पीकर टीव्ही युनिटच्या दोन टोकांना आहेत, एकमेकांपासून ११ फूट. मागची भिंत त्यांच्या दर्शनी भागापासून सव्वा फुटावर आहे. सोफा भिंतीपासून १२ फुटांवर, म्हणजे नेमका हॉलच्या मध्यावर. प्रत्येक स्पीकर तुमच्या कानापासून साधारण १२ फूट लांब पडतो.

स्पीकरमधून थेट कानावर येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने कमी होतो. भिंती, छत आणि फरशीवरून फिरून येणारा आवाज मात्र हॉलभर जवळपास सारखाच असतो. स्पीकरजवळ थेट आवाज वरचढ असतो, लांब गेलं की भिंतींचा. तुमच्यासारख्या टाइल्स आणि काचांच्या हॉलमध्ये हा बदल स्पीकरपासून अवघ्या तीन-चार फुटांवर घडतो. म्हणजे १२ फुटांवर बसून तुम्ही मुख्यतः हॉल ऐकताय, स्पीकर कमी. जुन्या खोलीत कान सहा-सात फुटांवर होता आणि भोवती गादी, कपाट, पुस्तकं होती.

म्हणून स्पीकर टीव्ही युनिटवरून उतरवून स्टँडवर घ्या आणि त्यांच्यातलं अंतर ११ वरून साडेसात फूट करा. बाजूच्या भिंतींपासून दोघांनाही पावणेचार फूट मिळेल. त्यांचा दर्शनी भाग मागच्या भिंतीपासून ३ फुटांवर येऊ द्या. सोफा पुढे ओढा, कान भिंतीपासून साडेनऊ फुटांवर येतील असा. आता टेप लावून बघा: दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, तिन्ही बाजू साडेसात फुटांच्या. स्टिरिओची ही मूळ मांडणी आहे. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट मागितलं, ती दोन कानांना दोन बाजूंनी मिळणाऱ्या बारीक फरकांवरच उभी आहे, आणि ते फरक भिंतींच्या गोंगाटात पहिल्यांदा बुडतात.

१२ फुटांवरून साडेसात फुटांवर आल्याने थेट आवाज ४ डेसिबलने वाढतो. ॲम्प बदलून हेच मिळवायचं तर ४० ऐवजी १०० वॉटचा घ्यावा लागेल. शिवाय १०० वॉटच्या ॲम्पने थेट आवाजाबरोबर भिंतींचा आवाजही तेवढाच वाढतो, दोघांचं प्रमाण बदलत नाही. सोफा ओढल्याने ते बदलतं. तुमच्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर मिळणारा आवाज, ८६ डेसिबल आहे. ४० वॉटवर एक मीटरवर १०२, दोन स्पीकरांचे ३ वाढवले आणि साडेसात फुटांसाठी ७ कमी केले तरी शिखराला ९८ डेसिबल मिळतात. ख्यालाच्या तानांना आणि तबल्याच्या आघातांना हे पुरून उरतं.

साडेसात फूट हा आकडा मी केवळ त्रिकोण जमावा म्हणून निवडलेला नाही. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं, डग्ग्याच्या पोकळपणाचं उत्तरही त्यात आहे.

कुठल्याही बंद खोलीला स्वतःचे सूर असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनिलहर अडकून उभी राहते आणि ठरावीक कंपनसंख्येला खोली आपणहून गायला लागते. हिशेब सोपा आहे: ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर, त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. तुमच्या २४ फूट लांबीचे, म्हणजे ७.३ मीटरचे सूर येतात २४, ४७ आणि ७१ हर्ट्झ. १५ फूट रुंदीचे ३८ आणि ७५. उंचीचा ६० च्या आसपास. भिंतीलगत हे सूर फुगतात, कोपऱ्यात तर सगळे एकदम फुगतात. डायनिंगच्या कोपऱ्यात डग्गा घुमतो त्याचं कारण हेच. आणि लांबीच्या बरोबर मध्यावर २४ आणि ७१ हर्ट्झचा दाब शून्याच्या जवळ जातो. तुमचा सोफा तिथेच आहे.

आता बाबांच्या आवडीच्या गाण्याकडे या. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला असतो, पांढरी दोनमधल्याचा ७३ ला, काळी दोनमधल्याचा ७८ ला. तुमच्या हॉलचे ७१ आणि ७५ हे सूर नेमके या गल्लीत आहेत. सोफा मध्यावर असल्याने ७१ तिथे दबलेला आणि रुंदीच्या मध्यावर असल्याने ७५ फुगलेला. त्यामुळे एका गवयाचा खर्ज पोकळ आणि दुसऱ्याचा ढोलासारखा, असं होऊ शकतं. स्पीकर दोघांनाही सारखंच वाजवत असतो. डग्ग्याची मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं, थोडी वरच्या पट्टीत, शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास वरखाली सरकते, आणि तिथेही हॉलचे पुढचे सूर एकापाठोपाठ एक उभेच आहेत. डग्गा तर जणू खोली तपासायचं यंत्र आहे. संथ विलंबित ठेका लावा आणि मींड सरकताना कान द्या. ती लोण्यासारखी घसरत गेली तर जागा चांगली. मध्येच एक सूर उसळला किंवा नाहीसा झाला, तर तिथे खोली बोलतेय असं समजा.

नव्या मांडणीत काय होतं ते बघा. स्पीकर रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर आले: १५ फुटांत पावणेचार आणि सव्वाअकरा. ७५ हर्ट्झच्या लहरीचा दाब या दोन जागांवर शून्य असतो, त्यामुळे स्पीकर तिला जागं करूच शकत नाहीत. सोफा मध्यावरून ४० टक्क्यांवर सरकला, तिथे ७१ हर्ट्झ पुन्हा ऐकू येतो. नुसती जागा बदलून दोन अडचणी सुटल्या. हा हिशेब साध्या चौकोनी हॉलचा आहे. वाटेत मोठा पॅसेज उघडत असेल तर आकडे थोडे सरकतात. म्हणून मांडणी झाल्यावर सोफा चार-सहा इंच पुढेमागे करून डग्गा ऐकत राहा आणि जिथे मींड सलग वाटेल तिथे फरशीवर खूण करा.

मागच्या भिंतीपासून ३ फूट का, तेही सांगतो. वूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या शंकूचा, आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि एका कंपनसंख्येला मूळ आवाजाच्या उलटा पडून त्याला खातो. अंतर सव्वा फूट असेल तर हा खड्डा २२५ हर्ट्झच्या आसपास पडतो. पुरुषाच्या आवाजातली छातीची भरीव ऊब तिथे असते, म्हणून तुम्हाला गवई किडकिडीत वाटतो. ३ फुटांवर हा खड्डा ९५ हर्ट्झपर्यंत खाली सरकतो आणि गळा मोकळा होतो. तो खड्डा फार खोल जाऊ नये म्हणून वूफरचं फरशीपासून, बाजूच्या भिंतीपासून आणि मागच्या भिंतीपासूनचं अंतर वेगवेगळं ठेवायचं. तुमच्याकडे ते सव्वादोन, पावणेचार आणि ३ फूट होतं. छान आहे.

स्टँड असा घ्या की ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला येईल. सोफ्यावर ती साधारण ३६ ते ३८ इंच असते. बाबा खाली गादीवर लोडाला टेकून ऐकत असतील तर स्पीकर पुढे किंचित झुकवून ट्वीटरचा रोख खाली आणता येतो. स्टँडच्या नळ्या पोकळ असतील तर कोरडी वाळू भरा. स्पीकर आतल्या बाजूला वळवायचे. तुम्ही एकटेच ऐकणार असाल तर दोघांचे रोख डोक्याच्या थोडे मागे मिळू द्या. तिघं बसणार असाल तर जास्त वळवा, रोख तुमच्या पुढे एक-दोन फुटांवर मिळतील इतके. मग उजव्या टोकाला बसलेल्याकडे लांबचा डावा स्पीकर थेट रोखलेला असतो आणि जवळचा उजवा थोडा तिरका. त्याला जवळच्याचं झुकतं माप मिळत नाही.

हॉलच्या मध्यात स्टँड आले की घरात कुरबूर होणार, केरवारे करताना धक्का लागणार. स्टँडच्या बुडाला जाड फेल्ट चिकटवा, टाइलवर ते सहज सरकतात. फरशीवर मास्किंग टेपच्या बारीक खुणा ठेवा. ऐकताना पुढे, एरवी भिंतीशी. कितीतरी घरांत ही सवय वर्षानुवर्षं नीट चालू आहे.

आता घुमण्याबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो मी एका फजितीतून शिकलो. लॉ कॉलेज रोडच्या एका बंगल्यात मोठा दिवाणखाना होता, खाली संगमरवर आणि तीन बाजूंना काचा. मालकांना गाण्याची मनापासून आवड होती. मी त्यांना मोठे स्पीकर बसवून दिले, एकामागून एक दोन ॲम्प बदलले, वायरी बदलल्या. आवाज कर्कश तो कर्कशच. मग एकदा त्यांच्याकडे घरगुती मैफल झाली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या आणि गाद्या घातल्या होत्या, चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. गवई यायला उशीर होता म्हणून कुणीतरी आमची सिस्टीम लावली. मी दारात उभा होतो. ती इतकी गोड वाजत होती की मला ओळखू येईना. स्पीकर तेच, ॲम्प तोच, वायरीही त्याच. बदलली होती फक्त खोली. त्यानंतर मी कुणालाही खोलीकडे बघण्याआधी यंत्र विकलेलं नाही.

हा शोध मुळात फार जुना आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाच्या व्याख्यान-सभागृहात बोललेलं कुणाला कळत नव्हतं. एक शब्द पाच सेकंदांहून जास्त काळ घुमत राहायचा. ते दुरुस्त करायचं काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री आणून सभागृहात मांडल्या आणि किती उशांना घुमणं किती कमी होतं ते मोजलं. शोषण मोजायचं त्याचं एकक फार सुंदर होतं: उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक चौरस मीटर पूर्ण शोषण. त्याचं सूत्र आजही वापरतात. खोलीच्या घनमीटरला ०.१६ ने गुणा आणि एकूण शोषणाने भागा. मिळतात ते घुमण्याचे सेकंद.

तुमच्या हॉलचं आकारमान ९७ घनमीटर आहे. जुन्या खोलीच्या तिप्पट. खाली व्हिट्रिफाइड टाइल, बाल्कनीला काचेचं सरकतं दार आणि नव्या टॉवरमध्ये सगळ्या भिंती मायवानच्या, म्हणजे भरीव काँक्रीटच्या. जुन्या वाड्यातल्या मातीच्या भिंती, लाकडी तक्तपोशी आणि दारं थोडा आवाज गिळायची. काँक्रीट काहीही गिळत नाही. सोफा, पडदे, टेबल धरून तुमच्याकडे बारा चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतकं शोषण असेल असं मी धरतो. म्हणजे आवाज साधारण १.३ सेकंद घुमतो. ऐकायच्या खोलीत ०.४ ते ०.६ सेकंद बरे. ०.६ पर्यंत यायला अजून चौदा चौरस मीटर शोषण हवं. ते कुठून येईल ते मोजून दाखवतो.

स्पीकर आणि सोफ्याच्या मधली फरशी आधी झाका. ८ बाय १० फुटांचा जाड गालिचा, खाली फेल्टचं अस्तर. येरवडा कारागृहात विणलेल्या जाड सतरंज्याही चालतील, पण एकावर एक दोन घाला आणि खाली अस्तर हवंच. यातून सुमारे ३ चौरस मीटर मिळतील. बाल्कनीच्या काचेवरचा पडदा पातळ असेल तर बदला. जाड मखमली किंवा दुहेरी कापड, रुंदीच्या दुप्पट, म्हणजे भरपूर चुण्या पडतील असं, आणि काचेपासून चार-सहा इंच सोडून. हॉलभर असा पडदा ४ ते ५ चौरस मीटरचं काम करतो. गच्च भरलेलं पुस्तकांचं उघडं कपाट सोफ्यामागच्या भिंतीला लावलं तर आणखी दीड-दोन. उरलेले चार-साडेचार पॅनेलमधून येतील: चार फूट बाय दोन फुटांची सहा पॅनेल.

पॅनेल तयार विकत घेऊ नका, महाग पडतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून साध्या पट्ट्या घेऊन सुताराकडून चौकटी करून घ्या. आत घनमीटरला ४८ किलो घनतेचा रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, ५० मिलिमीटरचे दोन थर. वरून कापड. कापड निवडायची माझी पद्धत: दुकानात ते तोंडाशी धरून फुंकर मारायची, हवा आरपार गेली तर आवाजही जाईल. रेक्झीन अजिबात नको. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, आणि कापडाआधी आतून एक पातळ अस्तर लावा म्हणजे तंतू बाहेर येणार नाहीत. पॅनेल भिंतीला चिकटवू नका, मागे तीन-चार इंच पोकळी ठेवा. जाडी वाढल्यासारखी ती पोकळी कामाला येते. दुसरं कारण पुण्याचं आहे: पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येते, चिकटलेल्या पॅनेलमागे बुरशी धरते आणि ती दसऱ्याच्या साफसफाईपर्यंत कुणाला दिसत नाही.

अंड्यांचे ट्रे, थर्माकोल आणि एक इंची टोकदार फोम यांवर पैसे घालवू नका. एखादी लहर नीट शोषायला तिच्या लांबीच्या पाव भागाइतकी जाडी लागते. चार इंच पॅनेल वरच्या सुरांपासून खाली साधारण ८५० हर्ट्झपर्यंत पूर्ण ताकदीने चालतं, मागे पोकळी दिली की आणखी खाली उतरतं. एक इंची फोम फक्त टाळीची तार आणि स-श-ष खातो. त्याने हॉल मंद वाटतो पण घुमणं तसंच राहतं.

पॅनेल कुठे लावायचं, ते आरसा सांगतो. तुम्ही सोफ्यावर बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर, तुमच्या कानाच्या उंचीवर आरसा धरून हळूहळू सरकवायला सांगा. आरशात ट्वीटर दिसला ती जागा खुणेची. तिथून येणारा आवाज थेट आवाजाच्या पाठोपाठ पोचतो आणि गायकाची जागा पुसट करतो. दोन्ही भिंतींवर मिळून चार जागा निघतील, चार पॅनेल तिथे. उरलेली दोन स्पीकरच्या मागे, किंवा सुतार तयार असेल तर छताला, सोफा आणि स्पीकर यांच्या मध्यावर आडवी टांगून. शेवटी हॉलमध्ये फिरत टाळी वाजवा. जिथे टाळीला 'टर्रर्र' अशी शेपटी लागते तिथे दोन उघड्या भिंती समोरासमोर आहेत. तिथे एका बाजूला काहीही लावा, गोधडी टांगली तरी चालेल.

सबाइनच्या खिडकीवरून आठवलं, बाल्कनीचं दार उघडं असताना आणि बंद असताना हॉल वेगवेगळा वाजतो. दार उघडलं की घुमणं कमी होतं आणि खालचे सूरही बाहेर निसटतात. संध्याकाळी दार उघडं ठेवून ऐकत असाल तर सगळी जुळवणीही दार उघडं ठेवूनच करा. आणि पंखा पाचवर असताना तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो बारीक झंकार, ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पंखा एक-दोनवर आणा, तो वॉटपेक्षा जास्त देतो.

खडखडाट शोधायला फोनवर सूर काढणारं एखादं ॲप घ्या. ३० ते १५० हर्ट्झचा सूर सावकाश सरकवा आणि हॉलभर हात लावत फिरा: शोकेसच्या काचा, फॉल्स सीलिंगमधली लाइटची वाटी, देवघरातली समई, सरकत्या खिडक्यांची फ्रेम. जिथे हाताला थरथर लागेल तिथे फेल्टचा तुकडा.

इतकं झालं की पंधरा दिवस नुसतं ऐका. त्यानंतरही एखादा खालचा सूर उसळत असेल तर मोजणीकडे वळा. रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा मापनाचा मायक्रोफोन थेट लॅपटॉपला लागतो. आलेखात उंच टोकं दिसतील आणि खोल दऱ्याही. इक्वलायझरने, म्हणजे निवडक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, टोकं कापायची, दऱ्या भरायला जायचं नाही. दरीत तुम्ही कितीही शक्ती ओता, भिंतीवरून परत येणारी उलटी लहरही तेवढीच मोठी होते आणि ॲम्प उगाच दमतो. दीडशे-दोनशे हर्ट्झच्या वर तर इक्वलायझरला हातच लावू नका. तिथे स्पीकरची जागा आणि पॅनेल यांचं काम आहे.

सबवूफर, म्हणजे फक्त सगळ्यात खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर, लागेल का? ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, जुनी गाणी यांना साडेसहा इंची वूफर पुरतो. पण मुलाला रॉक आणि इलेक्ट्रॉनिक ऐकायचंय असं तुम्ही लिहिलंय, तर २४ फुटी हॉलमध्ये त्याला खालचा पाया कमी पडणार. तेव्हा एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. हरमन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी खोलीत अनेक सबवूफर ठेवून केलेला अभ्यास या क्षेत्रात सगळे मानतात. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला की खोलीचे काही सूर परस्पर रद्द होतात आणि बेस सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारखा राहतो. तुमच्याकडे बाजूच्या भिंतींना सोय दिसते. ८० हर्ट्झच्या खालचं काम त्यांच्याकडे द्या, बुकशेल्फ तेवढे मोकळे होतील आणि ४० वॉटचा ॲम्पही हलका होईल. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोमची गादी घाला. काँक्रीटच्या स्लॅबमधून ती थरथर थेट खालच्या घरात उतरते, आणि रात्री दहानंतर तिथे झोपलेल्या माणसाला तुमचं गाणं ऐकू येत नाही, फक्त धक्के जाणवतात.

वायरचं एका वाक्यात: तापकीर गल्लीत मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत पुरेशी आहे, तिचा जाऊन-येऊन रोध ०.१६ ओहमच्या आसपास भरतो. त्याहून महाग वायर घ्यायचे पैसे गालिच्यात घाला.

डीलरला नाही म्हणू नका, थांबा म्हणा. स्टँड, गालिचा, पडदा आणि पॅनेल झाल्यावर त्याचे टॉवर दोन दिवसांसाठी घरी मागवा आणि याच खुणांवर ठेवून ऐका. बाबांना डोळे मिटून बसवा आणि आधी तुमचे स्पीकर लावा. गवई आता कुठे बसलाय ते त्यांना हाताने दाखवायला सांगा. मग टॉवर लावा आणि तेच विचारा.